सेलमच्या भट्टीवर सांगलीचा आवाज

सेलम हे नाव आपल्या सांगलीकडच्या शेतकऱ्याला नवे नाही. हळद लावायची म्हटली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "बेणं कोणतं? सेलमच ना?" आपल्या सरीवर रुजलेली ही हळदीची जात ज्या गावाचे नाव सांगते, ते सेलम तमिळनाडूत आहे. एकादशीला आपण साबुदाणा भिजत घालतो, त्यातला बराचसा त्याच सेलम भागातून येतो. म्हणजे लग्नाची हळद आणि उपासाची खिचडी, दोन्हींशी या गावाचे नाते. तरीही आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसे मात्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमची थोरली आक्का त्याच गावी संसार करते. "एकदा येऊन जा, एकदा येऊन जा," असे ती कित्येक वर्षे म्हणत होती. यंदा सुगी आटोपली, घरचे काम पोरांवर सोपवले आणि जाण्याचा योग आला. गेलो होतो बहिणीला भेटायला. तेथे जे पाहिले, त्याहीपेक्षा जे ऐकले, ते आपल्या वाचकांना सांगावे असे वाटले.

गलाईची माणसे

विट्याकडच्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. जुने सोने-चांदी आटवायचे, त्यातले हीण वेगळे काढायचे आणि धातू शुद्ध करून द्यायचा, हा गलाईचा धंदा. सराफ आणि सोनार मोडीचे दागिने देतात, कानस मारताना पडलेला कीस देतात, दुकानातला केरसुद्धा जपून ठेवून देतात. त्या केरातूनही गलाईवाला सोने काढतो. भट्टी, मूस, चिमटा, टाकणखार आणि तेजाब एवढ्या सामानावर हा धंदा उभा आहे. काम जोखमीचे. धूर छातीत जातो, तेजाबाने बोटे पिवळी पडतात.

खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ, तसेच सातारा जिल्ह्यातला माण-खटावचा भाग, हा सगळा पट्टा पावसाचा कमी. दुष्काळाने जमीन साथ देईना, तेव्हा येथली माणसे बाहेर पडली आणि या धंद्यात स्थिरावली. आज देशातले कोणतेही मोठे शहर सांगा, सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत आपल्याकडचा एखादा गलाईवाला भेटतोच.

सेलमला तर तो भेटायलाच हवा. चांदीच्या पैंजणांसाठी आपल्याकडे जशी कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी, तसे तिकडे सेलम. शेव्वापेट नावाच्या पेठेत चांदीचे काम घरोघरी चालते. आक्काच्या घरचे दुकान त्याच बाजूला आहे. आमचे दाजी १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या बाराव्या वर्षी मामाचा हात धरून तेथे गेले. भट्टीला भाता मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आज दुकान मुलगा बघतो. दाजी सकाळी दोन तास बसतात, तेवढेच.

मिरज ते सेलम

मिरजेहून रात्रीची गाडी धरली. बेळगाव, धारवाड, हुबळी करीत सकाळी बेंगळुरू. तेथे गाडी बदलून होसूर, धर्मपुरीवरून सेलम.

याच मार्गाने मी १९९८ साली एकदा बेंगळुरूपर्यंत गेलो होतो. तेव्हा बरोबर छोटा ट्रान्झिस्टर घेतला होता. मिरज स्टेशनवर सांगली केंद्र खणखणीत लागले होते. कुडची गेली, घटप्रभा आली आणि खरखर वाढू लागली. बेळगावच्या पुढे तर सांगलीच्या निवेदकाचा आवाज विहिरीतून यावा तसा झाला आणि थोड्या वेळाने धारवाडच्या कानडी आवाजाखाली दबून गेला. मुलूख बदलला हे तेव्हा डोळ्यांच्या आधी कानाला कळे. धारवाडचेही पुढे तसेच झाले. प्रत्येक केंद्राची हद्द असते, ओढ्या-नाल्यांनी गावाची शीव ठरावी तशी.

या खेपेला धाकट्या मुलाने निघण्यापूर्वी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिले. प्रसार भारतीचे 'न्यूज ऑन एअर' असे त्याचे नाव. आकाशवाणीच्या देशभरातल्या दोनशेहून अधिक वाहिन्या त्यावर फुकट ऐकायला मिळतात. पैसे लागतात ते फक्त इंटरनेटच्या रिचार्जचे. त्यात महाराष्ट्र शोधला, सांगली शोधली, बोट ठेवले आणि कानाला लावले. धारवाड मागे पडले तरी सांगली केंद्र चालूच. गाडी डोंगरातून किंवा निर्मनुष्य माळावरून जाऊ लागली की आवाज थांबे. पुन्हा एखाद्या गावाचे दिवे दिसू लागले की सुरू होई. सकाळी बेंगळुरूजवळ जाग आली, तर बाहेर कानडी पाट्या, चहावाल्याची कानडी हाक आणि कानात मात्र सांगलीची भक्तिगीते. मोठे नवल वाटले. शीव कोठे गेली तेच कळेना.

भट्टीजवळचा रेडिओ

सेलमला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींबरोबर दुकानात गेलो. त्यांनी शटर उघडले, देवापुढे दिवा लावला आणि मोबाइल एका छोट्या डब्यासारख्या स्पीकरला जोडून फळीवर ठेवला. "आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे." भट्टी पेटवण्याआधी दुकानात हा आवाज घुमला. मी काही बोलायला तोंड उघडले, तर दाजी म्हणाले, "पाव्हणं, जरा थांबा. हवामान सांगत्यात."

सेलममध्ये बसून सांगलीच्या हवामानाची एवढी काय काळजी, असे कोणी विचारील. पण दुकानात कामाला असलेली चारही पोरे आपल्याकडचीच. एकाच्या घरी डाळिंबाची बाग आहे, एकाच्या घरी द्राक्षे. गावाकडे ढग आले की सेलमच्या भट्टीजवळ बसलेल्या पोराचा जीव खालीवर होतो. द्राक्षाच्या घडावर अवकाळी पाऊस पडला तर वर्षाचा खेळ आटोपतो, हे त्याला ठाऊक असते. सातनंतर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या झाल्या. तोवर मुशीत चांदी पाणी झाली होती.

शेजारचा तमिळ सोनार चहा घ्यायला आला. त्याने स्पीकरकडे बोट दाखवून हसत विचारले, "सांगली वानोली?" तमिळमध्ये रेडिओला वानोली म्हणतात. वान म्हणजे आकाश आणि ओली म्हणजे आवाज. आपल्या नभोवाणीचाच हा तमिळ भाऊ. त्या सोनाराला मराठीचा एक शब्द कळत नाही, पण भजनाच्या वेळी तो मांडीवर ताल धरतो.

सांगली केंद्र सुरू झाले १९६३ साली. दाजी लहान असताना गावच्या चावडीत पंचायतीचा एकच रेडिओ होता. त्या काळी रेडिओ बाळगायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, त्यामुळे घरोघरी रेडिओ नव्हता. तिन्हीसांजेला माणसे चावडीपुढे जमत. दाजी सांगत होते, "गाव सोडलं तवा आईची आठवण यायची आन् त्या रेडिओची. हितं आल्यावर मामाचा एक सेट होता. रात्री लई फिरवायचो, पर सांगली कवा लागलीच न्हाई. तमिळ, मल्याळी, सिलोन, समदं लागायचं. आपलं तेवढं न्हाई." पन्नास वर्षांनी ते लागले. तेव्हा बारा वर्षांचा मुलगा जे शोधत होता, ते आता आजोबा झालेल्या माणसाला सापडले.

पाऊस आणि पाइपलाइन

हे कसे घडते, असे मी भाच्याला विचारले. त्याने समजावले ते माझ्या शेतकरी बुद्धीला असे कळले.

रेडिओचा मनोरा म्हणजे पाऊस. तो एकदा पडू लागला की त्याच्या टापूतल्या सगळ्या रानांवर सारखाच पडतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, मनोऱ्याचा खर्च तेवढाच. पण ढगाला हद्द असते. एफएमची लाट सरळ जाते, म्हणून डोंगर आडवा आला किंवा पाचपन्नास किलोमीटर अंतर पडले की ती क्षीण होते. मध्यम लहर जमिनीला धरून त्याहून लांब जाते आणि रात्री तर आकाशातल्या वरच्या थरावर आदळून दूरवर उतरते. म्हणून पूर्वी रात्री लांबलांबची केंद्रे लागत.

इंटरनेटचा रेडिओ म्हणजे पाइपलाइन. केंद्रातला आवाज एका बाजूने मनोऱ्याकडे जातो, दुसऱ्या बाजूने तारेवरून एका मोठ्या संगणकाकडे जातो. ज्याला हवा त्याने आपल्या मोबाइलवरून मागणी करायची, की त्याच्यापुरती वेगळी धार सोडली जाते. येथे अंतराचा प्रश्नच नाही, सेलम काय आणि सिंगापूर काय. मात्र प्रत्येकाची तोटी वेगळी आणि मीटरही वेगळा. मोबाइल आधी एक छोटी टाकी भरून घेतो आणि मग त्यातून आवाज सोडतो. मधेच धार बारीक झाली तर टाकीतल्या साठ्यावर वेळ निभावते. टाकी रिकामी झाली की आवाज थांबतो.

या टाकीमुळे एक गंमत होते. इंटरनेटवरचा कार्यक्रम काही सेकंद, कधी अर्धा मिनिट उशिरा ऐकू येतो. एके दिवशी आक्का गावाकडे जावेशी फोनवर बोलत होती. तिकडे घरात रेडिओवर भजन चालले होते, इकडेही तेच. फोनमधून ऐकू आलेली ओळ थोड्या वेळाने आमच्या स्पीकरमधून आली. आक्का म्हणाली, "बघ, गावाचं समदं आम्हाला मागनंच मिळतं!" हसण्यावारी नेले, पण बोलली ते खरे. म्हणून मोबाइलवरच्या रेडिओची वेळ ऐकून कोणी घड्याळ लावू नये.

ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थी चालवीत असलेल्या एका रेडिओ केंद्राने १९९४ सालीच आपले कार्यक्रम इंटरनेटवरून सोडायला सुरुवात केली होती. पुढे मोबाइल आले, रिचार्ज स्वस्त झाले आणि ती सोय गलाईच्या दुकानातल्या फळीपर्यंत येऊन पोहोचली.

साबुदाण्याचे रान

एके दिवशी दाजींनी मला आत्तूरच्या रस्त्याला साबुदाण्याचे कारखाने दाखवायला नेले. दोन्ही अंगांना टॅपिओकाची शेते. एरंडाची आठवण व्हावी अशी हाताच्या पंजासारखी पाने, पुरुषभर उंच झाड आणि मातीखाली रताळ्यासारखे जाडजूड कंद. आठ-दहा महिन्यांचे पीक. कंद उपटायचे, सोलायचे, धुवायचे, दळून त्यांचे दूध काढायचे. ते हौदात निवत ठेवले की पांढरी शुभ्र खळ तळाशी बसते. त्या ओलसर पिठाला कापडात हेलकावे दिले की गोल दाणे होतात. मग ते तव्यावर शेकायचे आणि अंगणात उन्हात पसरायचे. लांबून पाहिले तर अंगणावर गारा पडल्यासारखे वाटते. तमिळमध्ये साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात. तेथल्या साबुदाणा आणि स्टार्च कारखानदारांची 'सागोसर्व्ह' नावाची सहकारी संस्था १९८१ पासून सेलममध्ये आहे. सहकार म्हटले की आपल्याला आपले साखर कारखाने आठवतात. तेथे साबुदाण्याचा सहकार आहे.

एका शेतात कंद काढणे चालले होते. लिंबाच्या फांदीला पिशवी आणि पिशवीत मोबाइल, त्यावर तमिळ रेडिओ. निवेदक खताविषयी काही सांगत होता. दाजी अर्थ सांगत होते आणि मला हसू येत होते. भाषा निराळी, पण बोलण्याची ढब अगदी आपल्या शेतीच्या कार्यक्रमासारखी. "शेतकरी बंधूंनो" हे शब्द कोणत्याही भाषेत ओळखू येतात.

याच तमिळनाडूत रेडिओने एकदा मोठे काम केले आहे. १९६० नंतरच्या दशकात तंजावर भागात एडीटी २७ नावाची भाताची सुधारलेली जात आली. तिची लागवड कशी करायची हे आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्राने शेतकऱ्यांना इतक्या चिकाटीने सांगितले की, लोक त्या भाताला 'रेडिओ भात' म्हणू लागले. ज्याने सांगितले त्याचेच नाव लोकांनी पिकाला दिले. याहून मोठी पावती ती कोणती?

चार एकरांचा प्रश्न

आता मूळ गोष्टीकडे येतो. दाजींची गावाकडे चार एकर जमीन आहे. वडिलोपार्जित, माळाची. भावकीतल्या एकाला वाट्याने दिलेली. वर्षाकाठी ज्वारीचे एखादे पोते आले तर आले. गेल्या काही वर्षांत टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उपसून आपल्या दुष्काळी तालुक्यांत आणले आणि माळाला भाव आला. दाजींच्या जमिनीला एक गिऱ्हाईक लागले. "तुमच्याकडे पाणी यायला अजून लई वर्षं हायत, आत्ताच मोकळे व्हा," असे तो फोनवर सांगे. मुलाचेही मत पडले की विकून टाकावी आणि ते पैसे दुकानात घालावेत. मुलाचे तरी काय चुकले? त्याचा जन्म सेलमचा. ते रान त्याने उभ्या आयुष्यात चार वेळा पाहिले असेल.

दाजींनी हो म्हणत आणले होते. अशात एका संध्याकाळी सांगली केंद्रावर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एका डाळिंब उत्पादकाची मुलाखत लागली. तो शेतकरी टेंभूच्या पाण्यावर बाग कशी उभी केली, ते सांगत होता. त्याचे गाव दाजींच्या गावापासून फार लांब नव्हते. दाजींनी लगेच भावाला फोन लावला. पाणी कोठपर्यंत आले, पाट कोणत्या अंगाने जातो, शेजारच्या जमिनी काय भावाने गेल्या, असे सगळे विचारून घेतले. गिऱ्हाईक सांगत होता त्यात आणि भावाने सांगितले त्यात बरेच अंतर निघाले.

मी गेलो तेव्हा विषय ताजा होता. जेवताना मुलगा आणि बाप दोघेही माझ्याकडे बघत. दोघांनाही वाटे, मामांनी आपल्या बाजूने बोलावे. मी एवढेच म्हणालो, "आधी सगळ्यांनी मिळून रान बघून या. मग ठेवा नाहीतर विका. पण न बघता सही करू नका." उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह गावी यायचे ठरले आहे. जमीन राहील की जाईल, ते मी सांगू शकत नाही. गलाईच्या धंद्यालाही पैसा लागतो आणि सेलमचे घर हेच आता त्यांचे घर आहे. पण विकली तरी ती डोळे उघडे ठेवून विकली जाईल. लांब राहणाऱ्या माणसाला फसवणे सोपे असते, ते त्याला गावची माहिती नसते म्हणून. ती माहिती रोज घरात येऊ लागली की त्याचा हात धरून कोणी सही घेऊ शकत नाही.

नातीची मराठी

आक्काची नात सहावीत आहे. शाळेत तमिळ आणि इंग्रजी, खेळायला तमिळ मुली. घरात मराठी बोलते, पण वाचता येत नाही. आक्काला तीच चिंता. "आमच्यासंगं हिची भाषा बी जायाची," असे ती म्हणे. तंजावरकडच्या मराठी घरांतून व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी टिकून आहे, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्याकडं राजा हुता. आमच्याकडं मूस हाय."

आता आक्काने एक पद्धत पाडली आहे. दुपारी स्वयंपाकघरात रेडिओ लावायचा. महिलांच्या कार्यक्रमात एखादी पाककृती सांगितली, तर नातीने ती ऐकून आजीला पुन्हा सांगायची. एकदा "चिमूटभर" म्हणजे किती, यावरून दोघींची अर्धा तास चर्चा चालली होती. आणखी एक शब्द अडला, "वाफसा". तमिळमध्ये त्याला काय म्हणतात ते आजीला माहीत नव्हते. मग कुंडीतली माती हातात घेऊन, दाबून, भुरभुरून दाखवली. पोरीला वाफसा कळला. शहरात वाढलेल्या किती मराठी मुलांना तो कळत असेल?

भाच्याने एका रात्री गच्चीवर मला मोबाइलमधला पृथ्वीचा गोल दाखवला. 'रेडिओ गार्डन' नावाचा हा गोल नेदरलँड्समधल्या मंडळींनी २०१६ साली काढला. गोलावर हिरवे ठिपके चांदण्यासारखे पसरलेले. ज्या ठिपक्यावर गोल फिरवून आणावा, तेथले केंद्र त्या क्षणी काय बोलते ते ऐकू येते. नातीने बोटाने गोल फिरवला. आमच्याकडे रात्रीचे नऊ, तर मॉरिशसला संध्याकाळचे साडेसात. तेथेही कोकणातून गेलेली मराठी घरे आहेत, असे मी तिला सांगितले. तिने विचारले, "आजोबा, त्यांच्या गावचा रेडिओ त्यांना लागतो का?" मी म्हणालो, "त्यांचे आजोबा-पणजोबा बोटीने गेले तेव्हा रेडिओच नव्हता, बाळ."

ऐका, बोला आणि करा

इतके सगळे पाहून मनात एक विचार आला, तो वाचकांपुढे ठेवतो.

१९५६ साली आपल्याकडे एक मोठा प्रयोग झाला होता. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, तेव्हाचा अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून तो ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, शंका आणि निर्णय केंद्राला कळवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तरे देई. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली, असे तीत दिसले. कॅनडात शेतकऱ्यांची अशीच रेडिओ मंडळे १९४१ पासून चालू होती. त्यांचे सांगणे असे की, वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा.

आज मोबाइलवर आवाज कोठेही पोहोचतो, पण तो एकेकाच्या कानात शिरतो. बापाच्या कानात एक, लेकाच्या कानात दुसरे, सुनेच्या कानात तिसरे. चावडीपुढचा रेडिओ खरखरत असे, पण ऐकून झाल्यावर दहा माणसे बोलत. सेलमच्या दुकानात मला तेच दिसले. स्पीकरवर लावल्यामुळे तो सगळ्यांचा झाला होता. दाजींनी ती मुलाखत एकट्याने कानात बोंडे घालून ऐकली असती, तर घरात बोलणे निघाले नसते.

दुसरे असे की, केंद्राला आपण ऐकतो हे कळले पाहिजे. पूर्वी माणसे पोस्टकार्ड टाकत. आता पत्र टाका, फोन करा, ज्या कार्यक्रमात शंका विचारता येतात त्यात विचारा. सेलमच्या पोरांना मी सांगून आलो, "तुम्ही इतक्या लांबून ऐकता, हे दोन ओळींत सांगलीला कळवा." माण तालुक्यात म्हसवडला २००८ सालापासून 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आसपासच्या गावांच्या बायकांचा, शेतकऱ्यांचा आवाज त्यावरून ऐकू येतो. अशी जवळची केंद्रे जगतात ती ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादावर. स्थानिक कार्यक्रमांना कोणी विचारणारेच उरले नाही, तर उद्या पाइपलाइन असेल, पण तिच्यातून आपल्या शिवाराचे पाणी येणार नाही.

ज्यांना मोबाइलवर रेडिओ ऐकायचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

साध्या प्रतीच्या आवाजाला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट धरले, तर तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. रोज दोन तास ऐकले तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. चित्रफिती पाहण्यापेक्षा हे कितीतरी कमी.

ऐकताना मोबाइलचा पडदा बंद ठेवावा. आवाज चालू राहतो आणि बॅटरी वाचते.

रस्त्याने चालताना, गाडी किंवा ट्रॅक्टर चालवताना, मळणीयंत्राजवळ काम करताना कानात बोंडे घालू नयेत. मागून येणारा आवाज ऐकू आला पाहिजे.

आणि घरातला जुना ट्रान्झिस्टर मोडीत घालू नये. महापुरात वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा पाइपलाइन कोरडी पडते. कृष्णाकाठच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ हाताशी असावा आणि आपल्या भागात कोणते केंद्र कोठे लागते, ते आजच लावून बघावे.

आपल्यापैकी प्रत्येक घरातले कोणी ना कोणी बाहेर आहे. कोणी मुंबईला, कोणी सुरतेला, कोणी सैन्यात, कोणी परदेशात. या आठवड्यात फोन कराल तेव्हा त्यांना आपल्या जवळच्या केंद्राचे नाव सांगा, कसे लावायचे ते समजावून द्या आणि रात्री पुन्हा फोन करून विचारा, "आज काय ऐकलंस?"